जोत्याखाली नऊ इंच

टेकडीच्या उतारावरचं घर, सहकारनगर.
पुढून एक मजला, मागून दीड.
त्या वरच्या अर्ध्याचा हिशेब असा:
फरशीखाली पोकळी, पोकळीला लोखंडी जाळीचं दार,
गुडघ्यांवर बसल्याशिवाय दिसत नाही.
बँकेच्या फॉर्मात त्याला रकाना नाही.

गोडांबेबाईंनी चहाचं विचारलं, मी नंतर म्हटलं.
इरफानने टेप धरली, मी आकडे घेतले.
हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी,
शहाबादी फरशी, सागाची दारं, वय वर्षं त्रेपन्न.
कागद चोख. पुण्यात कागद चोख असले
की माणसं जरा मोठ्यानं बोलतात.
बाई हळू बोलत होत्या,
जाळीकडे पाठ करून.

"खाली काय?"
"काही नाही. सरपण असायचं पूर्वी."

पण मागच्या अंगणात पाइप वेटोळं घालून पडलेला,
तोंडाशी अजून ओला.
तगरीच्या आळ्यात चिखल, ऐन डिसेंबरात.
आणि शेजारच्या भिंतीवरून एक आजोबा, कुणी न विचारता:
"रात्रभर मोटर चालू होती हो यांची!"

मी बूट काढले, पँट दुमडली, विजेरी तोंडात धरली.
आत काळा दगड, चुन्याचे सांधे,
चारी भिंतींवर एकाच उंचीची रेघ,
वहीतल्या समासासारखी.
रेघेखाली लोणा. वर कोळ्यांची जाळी, कोरडी.
टेप लावली. नऊ इंच.
पाणी नव्हतं. ओली माती फक्त,
आणि तीत बाईंच्या चपलांचे ठसे, पंपापर्यंत जाणारे,
परत येणारे.

दोन मिनिटं म्हणून थांबलो.
मग ऐकू आलं.
झरा म्हणावं इतकं नाही,
गळती म्हणावं तर वर नळ नाही.
दुपारी कुणी झोपलेलं असताना
शेजारच्या खोलीत जपून भांडी मांडावीत, तसं.
पहिला ठसा टाचेकडून भरला.
मग दुसरा.

बाहेर आलो तर बाई पायरीवर.
"पाया खणताना खडक फोडला ना, तेव्हापासून येतंय.
हे म्हणायचे, त्याच्या वाटेत आपण आलो,
ते नाही आपल्या वाटेत.
एका वर्षी नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं,
अख्ख्या गल्लीनं इथून बादल्या भरल्या.
तेव्हा कोणी याला ओल म्हटलं नाही."
मग जरा थांबून,
"मुलीचा दवाखाना आहे, धायरीला. दातांचा.
नुसती खुर्चीच साडेतीन लाखांची."

लिहू नका, असं त्या म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या असत्या तर सोपं झालं असतं,
मी नियम सांगून निघालो असतो.

चहा बशीत सांडला होता, त्यांनी बशी बदलून आणली.

स्कूटरवर इरफान म्हणाला,
"सर, आपण पाहिलं तेव्हा तर कोरडंच होतं."
खरं होतं. दिसेल ते लिहायचं, हेच आपलं काम.
ऐकलेल्याचं काय करायचं
ते अठ्ठावीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

रात्री अहवाल. शेरा:
"जोत्याखाली पोकळी, उंची चार फूट. पाण्याची खूण नऊ इंच.
पायाला तडा नाही. भिंती ओळंब्यात.
उताराच्या अंगाने चर खणून पाणी बाहेर वळवावे.
खर्च अंदाजे ऐंशी हजार, मूल्यातून वजा."
ऐंशी खोडून साठ केले.
उठून पाणी प्यायलो.
साठ खोडून ऐंशी.

एका ओळीत 'ओल' लिहिलं होतं,
ते काढून 'जिवंत पाणी' केलं.
बँकेला काही फरक पडणार नाही.

पँट अजून दोरीवर आहे,
गुडघ्यांपाशी वाळत नाही.