निरंक

शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीत, जिन्याच्या वळणावर
हेर्लेकर वकिलांचं ऑफिस.
दारात चपला काढायला वाकले तर आतूनच म्हणाले,
"राहू द्या पायात. चपलांचंच काम आहे ना?"
तरी काढल्या.

"आकडा सांगा."
आकडा मी कुणालाच सांगितला नव्हता.
फोनला ठाऊक होता, पण फोन काय बोलतोय.

सुभाषनगरात आमच्या घरी
मालक तळ बडवतात, सासरे अंगठा बसवतात,
वेणी बायकांनी घालायची.
वेणीला वेगळा भाव नसतो,
तो जोडातच धरलेला असतो.
तीन वर्षांमागं भाच्यानं, प्रज्योतनं, पायरीवर बसून
माझ्या फोनात दुकान काढून दिलं.
शटर नाही, बोर्ड नाही, नारळसुद्धा फोडला नाही.
पहिली ऑर्डर जोरहाटची.
जोरहाट कुठं ते नकाशात शोधलं
आणि आठ नंबरच्या त्या जोडाला
दोनदा तेल लावलं.

मालनवहिनी म्हणाल्या, "खुळी का काय तू?
बाजारात एवढी दुकानं कच्च्या पावतीवर चालत्यात,
तुझ्या एकटीवाचून सरकारचं काय अडलंय?"
खरंय. काही अडलेलं नाही.
गल्लीच्या तोंडाशी जो खड्डा आहे
तो माझ्या पैशाची वाट बघत बसलाय
असं मलाही वाटत नाही.
तरी आले.
का आले, हे वकिलांनी विचारलं नाही, बरं झालं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"कंपनीनं आधीच कळवलंय, बाई. हे बघा.
विक्री सहा लाख एक्केचाळीस हजार.
त्यातले सहाशे एक्केचाळीस कापून भरलेसुद्धा,
तुमच्या नावावर."

माझ्या नावावर.
रेशनकार्डात मी चौथी. लाइटबिलात नाहीच.
घरपट्टीवर तर आजेसासरे अजून हयात आहेत.
आणि दिल्लीत कुठंतरी एक वही
वर्षभर माझं नाव धरून बसली होती!

मग वजाबाकी.
कातडं, दोरा, तेल, खोकी, कुरिअर,
कंपनीचं कमिशन,
परत आलेले जोड.
(एकीनं अख्खं लग्न त्यात मिरवून
हळदीच्या डागासकट पाठवला, "साइज चुकली" म्हणून.
तोही धरला.)
मालकांची मजुरी, सासऱ्यांची मजुरी.
"आणि माझी?"
"स्वतःची मजुरी स्वतःला लावता येत नाही.
जे उरतं, ते तुमचं."
उरले एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार दोनशे.
मी ते पुन्हा वाचायला लावले.

"आणि कर?"
"निरंक. कापलेले सहाशे एक्केचाळीस उलट परत येतील."

हसू नका, पण जरा लागलंच मला.
पर्समध्ये पाच हजार घालून गेले होते,
एटीएममधून मुद्दाम काढलेले, कोरे.
"थोडा तरी बसू दे की, साहेब."
ते बघतच राहिले.
"तीस वर्षांत असं म्हणणारं
तुम्हीच पहिलं गिऱ्हाईक."

रात्री मालकांनी विचारलं, "किती बसला?"
"शून्य."
"तरी म्हटलं. एवढ्याशा धंद्याला
कसला आलाय टॅक्स."
आणि कुशीवर वळून निवांत घोरायला लागले.

खोटं बोलले नाही मी.
बसला किती, एवढंच विचारलं त्यांनी.
उरले किती, ते सरकारनं विचारलं.

पोचपावती पाच नंबरच्या खोक्यात ठेवलीय,
आतल्या कागदाखाली.
पाच नंबर माझा.
तो जोड फोनवर लावलेला नाही.