अवलंबून

दौलतगंजातल्या वाचनालयात
इंटरनेट नाही. लिनक्स आहे, जुनं.
पेन ड्राइव्ह खिशात घालून
सायकलवर ही माझी तिसरी खेप.

पहिल्यांदा नेलं एकच पॅकेज.
ते अडून बसलं: आधी अमुक लायब्ररी आणा.
आणली, तर तिचीही एक थोरली जाऊ निघाली,
तिच्याशिवाय पंगतीला न बसणारी.

ढोबळेकाका रजिस्टर मिटून म्हणाले,
एवढं कशाला?
काका, तुमच्या नावातल्या ळ साठी.
पडद्यावर तिथे नुसता चौकोन येतो.

चौकोन बरा.
साठ वर्षं अख्खं लश्कर
ढोबलेजी म्हणतंय.

आठ वाजता शेवटची फाइल बसली.
त्यांनी चष्मा पुसला,
एका बोटाने नाव लिहायला घेतलं
आणि तिसऱ्या अक्षरावर
बोट उचललंच नाही

ढोबळळळळळळळ