अथवा

पहिल्याच आठवड्यात हुद्दार मॅडमनी
निकालपत्राची सतरा पानं हातात दिली.
रडू नका, रागावू नका, आधी सांगा, घडलं काय?
मी लिहिलं, 'बिचाऱ्या भाडेकरूला...'
'बिचाऱ्या'वर लाल रेघ.
हा पुरावा आहे का, कडोलकर?

घडलं काय. प्रश्न कोणता. कोर्ट काय म्हणालं. का म्हणालं.
टिळकवाडीतून वडगावला चालत येताना
रस्त्याचंही टिपण निघतं डोक्यात:
दुसऱ्या गेटला फाटक बंद,
रिक्षावाला शिव्या देतोय.
शिव्या गाळा.

बाबा मागावर. फळीखाली मालकाची नोटीस,
दोन महिने घडी न मोडलेली. कन्नडमध्ये.
बाबांना बोलता येतं फर्डं, वाचता नाही.
मला अक्षरं येतात ती शिवलीलानं शिकवलेली,
डब्याच्या सुट्टीत, शेंगाचटणीच्या बदल्यात.

बोट ठेवून वाचते.
'बाडिगे' म्हणजे भाडं, एवढं कळतं.
मग एक शब्द येतो आणि मी थांबते,
पुन्हा जुळवते, हसायलाच येतं:
अथवा.
तसाच्या तसा, त्यांचाही, आमचाही.
याची पाटी कुणी उतरवायला लावली नाही.

भाडं भरा अथवा खोली सोडा.
'मत्तु' नाही.
बाबा, दोन्ही नाही मागितलंय त्यांनी. दोन्हीतलं एक.

धोटा थांबत नाही.
'भाडं मी भरलंय की गं.'
'पावती?'

आता थांबतो.
'वकिलासारखं बोलायलीस,' म्हणतात बाबा
आणि मानेनंच दाखवतात
फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा.