एक ग्रोश चालेल का

रादोममध्ये दुकान सकाळी सहाला उघडतं.
त्याआधी गल्ला मोजायचा, सही करायची:
दोनशे झ्वोती, सुट्ट्यांसकट.
सुट्टे नावालाच.
एक ग्रोशची नाणी नऊच्या आत संपतात
आणि मग दिवसभर मी गावाला विचारत राहते,
एक ग्रोश राहिला तर चालेल का?

चालतं. सगळ्यांना चालतं.
मान अशी हलवतात, जणू जहागीर सोडतायत.
अशी मी अख्ख्या गावाचं देणं लागते
सतरा वर्षांचं,
मुंगीने नेलेल्या साखरेएवढं एकेकाचं.
किमती नव्व्याण्णववरच का संपतात
ते मला विचारू नका.

आज शनिवार. उद्या दुकान बंद, कायदाच आहे,
म्हणून आज उद्याच उपासमार होणार असल्यासारखी गर्दी.

गोल पावाला बारकोड नसतो. त्याचा आकडा एकतीस.
तीळवाल्याचा चौतीस.
खसखशीवाल्याचा मागच्या महिन्यात बदलला,
पण बोटं जुन्याच आकड्यावर जातात
आणि पडद्यावर उमटतं: बीट, दोन नग.
अहो बाई, मी बीट कुठे घेतलं?
खोडायला चावी लागते. चावी रादोस्वाफकडे.
रादोस्वाफ मागे गोदामात,
सिगारेट ओढत नसतो, असं तो म्हणतो.

बारकोड लागला नाही की एक जण तरी बोलतोच,
म्हणजे फुकट वाटतं!
आणि जगात पहिल्यांदा त्यालाच सुचल्यासारखा हसतो.
मीही हसते.
आज दुपारपर्यंत सात वेळा हसले.

दहाला घंटा दाबली, मला जाऊन यायचं होतं.
साडेदहाला पुन्हा दाबली.
अकराला एक बाई म्हणाली,
तुमचा चेहरा जरा बरा ठेवत जा की.

फोनवरच्या माणसाला माझा तळहात दिसत नाही.
तो नाणी पट्ट्यावर टाकतो. पट्टा चालू असतो.
नाणी निघतात फिरायला
आणि मी त्यांच्यामागे, नखांनी.

आणि म्हातारे झेनोन.
एक गाजर. रोज एकच गाजर.
आधी चष्मा शोधतात, मग बटवा,
मग सगळी चिल्लर समोर ओततात,
घे बाई तूच, काय हवं ते.
मागची रांग सुस्कारे टाकते.
खरं सांगते, सगळ्यात जास्त राग मला त्यांचाच येतो,
त्या फोनवाल्यापेक्षाही.
आणि एक ग्रोशची नाणी असतात ती त्यांच्याचकडे,
सोळा, सतरा, तंबाखूचा भुगा लागलेली.
मी ती वेचून घेते. पुढची सतरा माणसं
मला काही विचारावं लागत नाही.

रात्री गल्ला मोजला. तीन झ्वोती चाळीस कमी.
गावाचे एवढे ग्रोश दाबून ठेवले,
तरी कमी.
रादोस्वाफ म्हणाला, होतं असं, झानेता.
होतं असं, पण माझ्या पाकिटातून होतं.
भरले. सही केली.

बसथांब्याजवळच्या औषधाच्या दुकानात
मनगटाला लावायचं मलम घेतलं.
अठरा नव्व्याण्णव.
वीसची नोट दिली.
काचेपलीकडची मुलगी ड्रॉवरमध्ये बघत म्हणाली,
एक ग्रोश राहिला तर चालेल का?

नाही, मी म्हणाले.

तिने वर पाहिलं.
मग ड्रॉवरचा कोपरा चाचपला, मग दुसरा,
मग स्टूलवरून उतरून आत गेली
आणि तिथून कोट चाचपल्याचा आवाज आला,
तिचा स्वतःचा असावा.
मागे कुणीतरी सुस्कारा टाकला.
मला तो सुस्कारा पाठीकडून कधी ऐकू आला नव्हता,
नेहमी समोरून येतो.

ती आली. नाणं काचेखालून सरकवलं.
तेव्हा दिसलं, तिच्याही मनगटाला पट्टा आहे,
माझ्यासारखाच, निळा, कडेला सुटलेला.

मी नाणं उचललं.
पावतीही मागितली.