फिरा रे

डॉक्टर कुरियन म्हणाल्या, डाव्या कुशीवर झोपा.
औषधाच्या चिठ्ठीमागं पेननं एक पोट काढून दाखवलं:
हे बघा, पिशवी अशी डावीकडे लोंबते,
आंबट पाणी तळाशीच राहतं, घशाशी येत नाही.

आठ रात्री खरंच बऱ्या गेल्या.
नवव्या सकाळी डावा हात माझा नव्हताच.
उजव्या हातानं उचलून मी तो मांडीवर ठेवला
शेजारणीचं मूल ठेवावं तसा,
आणि मुंग्या येऊन त्यानं मला ओळखेपर्यंत
थांबले. चहा उतू गेला.

हाडांचे डॉक्टर त्याच इमारतीत, दोन मजले वर.
म्हणाले, डावी कूस? अजिबात नाही.
खांदा धरलाय तुमचा. उजवीकडे वळा,
एक उशी गुडघ्यांत, एक छातीशी.
म्हणजे पोट एका पक्षात, खांदा दुसऱ्या,
आणि मी नेरुळच्या त्या जिन्यात
दोन चिठ्ठ्या धरून उभी.

उताणी झोपले तर घोरते.
शिवदास म्हणतो, पामबीच रोडवर रात्री
बाइक उडवणारी पोरं त्यापेक्षा परवडली.
पालथं झोपायचं वय गेलं.
उरते ती कूस.

कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीत
आमची एक खोली, माणसं सहा.
उताणं झोपायची चैन फक्त गावाकडच्या पाहुण्याला.
आम्ही मांडणीतल्या ताटांसारखे, कडेवर उभे लावलेले.
एकाला वळायचं तर सगळ्यांना वळावं लागे.
मध्यरात्री कधीतरी आई म्हणायची, "फिरा रे,"
आणि आम्ही झोपेतच फिरायचो.
बबन तेवढा उलटा. त्याचा गुडघा माझ्या पोटात.

एकदा तिला विचारलं, कुशीला कूस का म्हणतात?
म्हणाली, चौघं राहून गेलात की आत,
आता बाहेरून टेकता, एवढंच.

तात्या कधी फिरायचे नाहीत.
कांदा-बटाटा मार्केटातल्या गोण्या उजव्या खांद्यावर,
तिथं घट्टा पडलेला, चादरही टेकू द्यायचे नाहीत.
म्हणून कायम डावीकडे. डावीकडे भिंत.
आमच्या वाट्याला त्यांची पाठ आली.
राग आहे की झोप, पाठीवरूनच ओळखायचं,
आणि आम्हाला वाटायचं, ते आम्हाला येतं.

मी सातवीत असताना ताप भरला.
वारं लागू नये म्हणून आईनं मला
त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये घातलं.
रात्री जाग आली तर समोर तात्यांचं तोंड:
तळहाताखाली चुरगळलेला गाल,
मिशीत कांद्याचं एक बारीक साल,
ओठ हलत होते, आवाज नव्हता, हिशोब असावा.
आणि डोळे टक्क उघडे.
मला पाहिलं तसे त्यांनी मिटले.
मीही मिटले.
सकाळी दोघंही काही बोललो नाही,
पुढं कधीच नाही.

हे कुठल्या चिठ्ठीमागं काढून दाखवतील?
कुशीवर श्वास मोकळा चालतो, कंबर सुखावते,
गालावर उशीच्या शिवणीचा वळ दुपारपर्यंत टिकतो,
आणि घरातल्या कुणाला तरी तुमची पाठ मिळते.

आता सीवूड्सला पलंग सहा बाय सहा.
तरी मी कडेलाच, हातभर जागेत, ताटासारखी.
आधी पोटाची पाळी: डावीकडे, खिडकी,
खाडीपलीकडचे दिवे, एखादा विझतो, मी मोजत नाही.
तीनच्या सुमाराला खांदा कुरकुरतो.
मग दोन्ही उशा उचलायच्या, गुडघे सोडवायचे,
होडी वल्ही बदलते तशी सावकाश
उजवीकडे.

काल वळले तर शिवदासचे डोळे उघडे.
छताकडे नाही, माझ्या पाठीकडे लागलेले,
जिथं आता माझं तोंड होतं.
किती वेळ, किती वर्षं, विचारलं नाही.
या खेपेला मिटले मात्र नाहीत.

"काय गं?" तो म्हणाला.
"काही नाही," म्हटलं, "फिरतेय."