दाखल क्रमांक ६१३

बांधणी तीनदा झाली. तिसऱ्या खेपेला बाइंडरने
मुखपृष्ठ उलटं चिकटवलं,
म्हणून तो हात आता थडग्यातून वर येत नाही,
आभाळातून खाली लोंबतो.
चौदा भयकथा, चौदा लेखक.
मी वेंगुर्ल्याच्या या वाचनालयात लागले तेव्हापासून
कपाटात सलग आठवडाभर हे पुस्तक राहिलेलं नाही.

नेतं कोण?
बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा लवू कुबल.
एक गाडी भरेस्तोवर एक गोष्ट, असा त्याचा हिशेब.
सोलकरांची नाझिमा, बारावीची, रसायनशास्त्राच्या वहीखाली लपवून.
पोस्टातले केळुसकर वर्तमानपत्राचं कव्हर घालतात,
म्हणे बायको घाबरते.

आता आमच्याकडे भुतांचा दुष्काळ आहे असं नाही.
तिठ्यावर देवचार, खाडीत गिऱ्हा,
शेजारच्या गावात तर देवाच्याच चपला
रात्री फिरून फिरून झिजतात, नव्या वाहाव्या लागतात.
मग ही छापील कशाला? मी लवूला विचारलं.
तो पावतीवर सही करत म्हणाला,
"आपल्या भुताक नारळ देवचो लागता, कोंबो देवचो लागता.
ह्येका नुसता पान परतला की झाला."

पण नवव्या कथेला शेवटचं पान नाही.
दीपगृहाचा रखवालदार जिना चढतो आहे,
वरून कुणीतरी त्याला त्याच्याच आवाजात हाक मारतं,
आणि लगेच दहावी कथा. त्यात कुणी सासू, कुणी मांजर.

जो तो माझ्या टेबलाशी येतो: बाई, मगे काय झाला?
लवूला सांगितलं, वर त्याची मेलेली बायको चहा घेऊन उभी होती.
नाझिमाला, वर कुणीच नव्हतं.
ती दोन दिवस जेवली नाही, असं तिची आई सांगत आली
आणि जाताना पुस्तक स्वतःच्या नावावर घेऊन गेली.

खरं सांगायचं तर ते पान माझ्या खणात आहे.
बांधणीच्या वेळी सुटलं, मी वाचलं.
रखवालदाराला जाग येते. स्वप्न होतं, म्हणे.
असलं पान परत शिवायला माझा हात धजला नाही.

मोहिनी तांडेलने मात्र काही विचारलं नाही.
तिच्या नवऱ्याची होडी गेल्या नारळी पौर्णिमेनंतर
निवतीच्या खडकांपाशी सापडली होती,
जाळं नीट घडी घातलेलं, डबा न उघडलेला.
सकाळी पुस्तक नेलं, दुपारी आणून ठेवलं,
दोन रुपये सुटे नाहीत म्हणून हसली, गेली.

नंतर पानं तपासताना दिसलं.
फाटक्या कडेवर, पेन्सिलीने, बारीक अक्षरात:
अजून चढतोच आहे.

नियमाप्रमाणे पेन्सिलीच्या खुणा मी खोडते.
खोडरबर हातात होता.

आठ वाजता दिवे मालवते, कुलूप घालते.
आमचं वाचनालय वरच्या मजल्यावर, खाली यायला अठरा पायऱ्या.
हल्ली मी त्या मोजत नाही.