तेच पिंप

बी काढून घेतली की बोंडवाला कुणी विचारत नाही.
काजींखाली सडा पडतो, पिवळा, तांबडा,
वर माश्या,
आणि उभादांड्याकडून येणारा खारा वारा
तो वास न विचारता घरात आणून ठेवतो.

आमच्या घराला तो नवा नाही.
मागीलदारी, न्हाणीच्या आडोशाला
बाबा हेच बोंडू पायाने चिरडायचे,
याच निळ्या पिंपात आंबवायचे.
धार पडेपर्यंत आम्हां पोरांना तिकडे जायची बंदी,
धार पडली की बाबांच्या वाटेला जायची.

ते गेल्यावर पिंप मी उलटं घातलं.
अकरा वर्षं त्याच्या बुडावर मिरच्या वाळवल्या.

यंदा दूध सोसायटीत ऋजुता टेमकर आली, गुरांची डॉक्टर,
म्हणाली, रस पिळून टाका, चोथा ठेवा,
मिठाच्या पाण्यातून काढा, तुरटपणा उतरेल.
मग भाताचा कोंडा, थोडा गूळ
आणि पाव फुगवायचं यीस्ट.
ते मी इनास बेकरीवाल्याकडून आणलं, उधार.
"यीस्ट साखर खाऊन वाढतं, काकी,
आणि शेवटी तेच प्रथिन म्हणून खाल्लं जातं."
मला वाटलं, ही माझ्या आईविषयी बोलतेय.

दिवसातून दोनदा खालवर करायचं, कोपरापर्यंत हात घालून.
तिसऱ्या दिवशी चोथा तापला,
ताप आलेल्या पोराच्या पाठीसारखा.
मी दचकून हात काढला.
वास बाबांचाच.
फक्त शिव्या नव्हत्या त्यात.

चौथ्या दिवशी नाक पुढे करून हवालदार आला.
"काय गो शालन, बापाशीचा धंदो परत सुरू केलंस?"
"ह्यां पिऊचां नाय, गायीक घालूचां."
त्याने चिमूटभर तोंडात टाकलं, थुंकला,
आणि वहीत काय लिहावं ते त्याला सुचेना.

कवळी त्याच्याहून हट्टी.
तीन दिवस नुसती फुंकर मारून तोंड फिरवलं.
मग मी ते पेंडीत लपवलं,
घाटावरून येणाऱ्या पेंडीत,
जिच्या पोत्याआधी तिचा भावच पाठीला लागतो.
पुढच्या संध्याकाळी घमेलं चाटून झालं
तरी ती ते ढकलत दाव्याच्या टोकापर्यंत आली.

दूध उतू गेलं असं काही नाही.
अर्धा लिटर जास्त, कधी पाऊण.
फॅटचा आकडा जरा वर.
पण वाडीतल्या बायका आता
टोपलीभर, बादलीभर बोंडू खळ्यात आणून ओततात,
आणि माझ्या पिंपाला नंबर लागतो.

काल धाकटा भाऊ आला, बऱ्याच वर्षांनी.
पडवीच्या पायरीवरच थांबला. वास घेतला.
हात आपसूक कानामागे गेला,
जिथे अजून केस उगवत नाहीत.
मी काही बोलले नाही.
भरलेलं घमेलं त्याच्या हातात दिलं,
आणि गोठ्यात
कवळीने मान लांब केली.